लाटांचा अंदाज नेमका वाचायचा कसा? (हर्णै, आंजर्ल्याची खाडी आणि पुढचा अरबी समुद्र)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी हर्णैजवळ राहते. घरची सहा सिलिंडरची बोट आहे. बाबा नाखवा म्हणजे बोटीचे मालक, काका तांडेल म्हणजे बोट चालवणारे. गेली चार वर्षं मी रोज पहाटे हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा लाटांचा अंदाज बघते आणि चार ओळी सोप्या मराठीत लिहून बंदरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. साठेक बोटींचे तांडेल ते वाचतात.

मे महिन्यात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आमची बोट मासळी उतरवून आंजर्ल्याच्या खाडीत नांगरायला निघाली. ज्यांना हर्णै माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथला किनारा उघडा आहे. मासळी किनाऱ्यावर उतरते, पण बोट सुरक्षित ठेवायची तर खाडी गाठावी लागते, आणि खाडीच्या तोंडावर गाळ आणि वाळू साचलेली असते. त्या दिवशी वारा पडलेला होता. सकाळी मी लिहिलं होतं, "वारा ताशी १२ ते १५ किलोमीटर, लाटा १.८ मीटर, इशारा नाही."

चारच्या सुमारास बोट तोंडावर आली आणि मागून एक लाट उभी राहिली. बोट वाळूवर बसली. दुसऱ्या लाटेने तिला आडवी केली. सुकाणू गेलं, एक खलाशी पाण्यात फेकला गेला. दोरी टाकून त्याला ओढून घेतला म्हणून वाचला.

काका घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तू लिहिलंस वारा नाही, आणि वारा नव्हताच." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशीच्या अंदाजात असं काय होतं जे मी वाचलं नाही, हे मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

निवतीरॉक
ताई, खलाशी आता बरा आहे ना?
लाटेचा कालावधी, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा माथा यायला लागणारा वेळ, किती होता ते बघितलं होतंत का? उंचीच्या शेजारी सेकंदात दिलेला असतो तो आकडा.

खाडीकाठ
हो दादा, बरा आहे. खांदा निखळला होता, पावसाळाभर घरी होता.
कालावधी मी कधी बघतच नव्हते. आत्ता मोबाईलमधला तेव्हाचा स्क्रीनशॉट उघडला. १६ सेकंद. दिशा दक्षिण-नैऋत्य.

तिसरामेट
मग उत्तर त्यातच आहे. मी मालवाहू जहाजांवर अकरा वर्षं काढली आहेत, त्यातला बराच काळ हिंदी महासागरात. जरा लांबण लावतो, पण हे नीट कळायला हवं.

समुद्रावर एकाच वेळी दोन प्रकारच्या लाटा असतात. एक, इथल्या वाऱ्याने इथेच उठवलेली. तिचा कालावधी ५-७ सेकंद. ती आखूड, खडबडीत, फेसाळ असते. वारा पडला की थोड्या वेळात तीही बसते. दुसरी, लांबून आलेली. ती जिथे जन्मली तिथला वारा तुम्हाला कधी लागणारच नाही. दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशाच्या खाली, मॉरिशसच्याही खूप दक्षिणेला, बाराही महिने वादळं पूर्वेकडे सरकत असतात. त्यांनी उठवलेल्या लाटा विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येतात. १६ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने चालतो. म्हणजे तुमच्या बोटीला आडवी करणारी लाट तिच्या आधी सहा-सात दिवस कोकणाच्या वाटेला लागलेली होती.

आता उंचीचं बघा. १६ सेकंदांची लाट खोल समुद्रात एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत सुमारे ४०० मीटर लांब असते. १.८ मीटर उंची ४०० मीटरवर पसरली तर डेकवर उभ्या माणसाला ती जाणवतही नाही. समुद्र संथ श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, इतकंच. ६ सेकंदांची लाट जेमतेम ५५-६० मीटर लांब, तीच १.८ मीटर असेल तर बोट आपटून काढते. म्हणून उघड्या समुद्रात आखूड लाटेचा त्रास जास्त, आणि खाडीच्या तोंडावर लांब लाट जीवघेणी. लांब लाटेचं पाणी खोलपर्यंत हलत असतं. तळ वर येऊ लागला की तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं, उंची वाढते आणि ती वाळूच्या बांधावर फुटते.

केरळात याला "कळ्ळक्कडल" म्हणतात, म्हणजे चोरटा समुद्र. आभाळ स्वच्छ, वारा नाही आणि पाणी घरात. मार्च २०२४ च्या शेवटच्या दिवशी केरळच्या किनाऱ्यावर असंच पाणी घुसलं होतं. इन्कॉइस आता अशा लाटांचे वेगळे इशारे देतं, तेही रोज बघत जा.

सातपाटीकर
मेट साहेबांनी लाटेचं बरोबर सांगितलं. ओहोटीचं राहिलं.

पौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे प्रतिपदा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा, आणि प्रतिपदेला त्यापुढे पाऊण तासाने, बाराच्या आसपास. थोडं इकडेतिकडे होतं, पण कोकणात आमच्या आज्यापणज्यांपासून हाच हिशोब आहे. भरती बाराला म्हणजे पूर्ण ओहोटी सहाला, आणि चार वाजता पाणी सगळ्यात जोरात बाहेर ओढत असणार. त्यात उधाणाचे दिवस, ओढ दुप्पट. खाडीतून पाणी बाहेर धावतंय आणि समोरून लांब लाट आत येतेय. अशी लाट उभीच राहते, तिला दुसरा रस्ता नसतो.

काकांना हे ठाऊक नसेल असं नाही. मासळी उतरवायला उशीर झाला असेल आणि वारा नाही म्हणून जीव निर्धास्त झाला असेल.

खाडीकाठ
अगदी तसंच झालं. लिलाव लांबला होता.

मोसमी
मी ३१ वर्षं हवामान निरीक्षणाचं काम केलं, आता निवृत्त आहे. ताईंच्या चार ओळी साठ बोटी वाचतात हे वाचून दोन गोष्टी मुद्दाम लिहाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट. अंदाजात "लाटा २.४ मीटर" लिहिलेलं असतं तेव्हा सगळ्यात मोठी लाट २.४ मीटरची असं समजायचं नसतं. समोरून गेलेल्या सगळ्या लाटांमधल्या मोठ्या एक तृतीयांश लाटा वेगळ्या काढल्या तर त्यांच्या उंचीची जी सरासरी येईल, ती ही उंची. पूर्वी जहाजावरचा अनुभवी माणूस नुसत्या डोळ्यांनी "लाटा इतक्या" असं सांगायचा, तो अंदाज साधारण या सरासरीशी जुळायचा, म्हणून हे माप रूढ झालं. पण याच समुद्रात हजार लाटांमध्ये एखादी जवळजवळ दुप्पट निघते. २.४ च्या अंदाजात साडेचार मीटरची लाट ही चूक नव्हे, तो अंदाजाचाच भाग आहे. तुमच्या संदेशात "२.४ मीटर, अधूनमधून ४ च्या वर" असं लिहिलंत तर खलाशाला खरं चित्र मिळेल.

दुसरी गोष्ट शब्दांची. "समुद्र खवळलेला राहील" हे वाक्य लोकांना साहित्यातलं वाटतं. त्याला मोजमाप आहे. लाटा १.२५ ते २.५ मीटर तर समुद्र मध्यम, २.५ ते ४ मीटर तर खवळलेला, ४ ते ६ तर अति खवळलेला. बंदरावर लावतात त्या इशाऱ्याच्या बावट्यालाही असाच अर्थ आहे. एकूण ११ खुणा आहेत. १ आणि २ नंबर म्हणजे धोका लांब समुद्रात, ३ आणि ४ म्हणजे तो तुमच्या बंदरापर्यंत येण्यासारखा, ५ पासून पुढे वादळ बंदराजवळून कोणत्या बाजूने जाणार ते, आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, आता तुम्ही तुमचं बघा. दिवसा सुळके आणि पिंप टांगतात, रात्री दिवे. वर्तमानपत्रात "तीन नंबरचा बावटा लागला" येतं तेव्हा वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तीन म्हणजे काय ते सांगता येत नाही. बंदरावरच्या शाळांमध्ये हे शिकवलं पाहिजे असं मला फार वाटतं.

सातपाटीकर
शाळेत शिकवाच. पण काका, आमचं दुखणं वेगळं आहे. अंदाज चुकीचा नसतो, तो पोहोचतो तेव्हा बोट कुठे असते हा प्रश्न आहे.

आमच्या बोटी ५०-६० मैल बाहेर जातात. चार-सहा दिवस बाहेर राहतात. किनारा सोडला की थोड्याच वेळात मोबाईल मुका. वायरलेस आहे, पण लहान बोटीवर अँटेनाची काठी किती उंच असणार? पंचवीस-तीस मैलांच्या पुढे आवाज विरतो. ६० मैलांवरची बोट ७ नॉटने (तासाला ७ सागरी मैल) परत यायला साडेआठ तास घेते, तेही जाळं वर असेल तर. जाळं पाण्यात असेल तर ते ओढायला दोन-तीन तास अजून. ते कापून टाकावं असं किनाऱ्यावर बसून सांगणं सोपं आहे. एका जाळ्यात घराचं वर्षाचं कर्ज असतं.

म्हणून मी पोरांना सांगतो, इशारा सुटला की लगेच उलटा हिशोब मांडा. वारा कधी येणार हे नंतर, बंदरात शिरायला किती तास लागतील ते आधी. त्यात भरती कधी ते धरा. १२ तास हातात आहेत आणि बंदर १० तासांवर आहे, पण पोहोचाल तेव्हा पूर्ण ओहोटी असेल, तर तुमच्या हातात १२ तास नाहीतच.

२००९ चं फयान वादळ विसरता येत नाही. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला आलं. पाऊस संपून दिवाळीही होऊन गेलेली, ऐन हंगाम, सगळ्या बोटी बाहेर. रत्नागिरीच्या बाजूच्या कितीतरी बोटी परत आल्या नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरात अजून त्या दिवशी चूल उशिरा पेटते.

देवबंदर
सातपाटीकर दादा, तुम्ही लिहिलंत ते मी दुसऱ्या टोकाने बघितलंय.

डिसेंबर २०१७, ओखी. आम्हा देवगडकरांना वादळ बातम्यांत होतं तेवढंच, लांब कन्याकुमारीला. मग बंदरात बोटी लागायला लागल्या. केरळच्या, तमिळनाडूच्या. त्यांच्या बोटींचे रंग वेगळे, नाळेवर क्रूस, मेरीमातेची चित्रं. सिंधुदुर्गात मिळून साठाहून जास्त बोटी आणि नऊशेहून जास्त माणसं आली. भाषा एकमेकांची कळत नव्हती. आईने आणि शेजारच्या बायकांनी पेज, भात, सुकी चादर जे घरात होतं ते जेटीवर नेलं. एक माणूस माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो माझ्या फोनवरून घरी बोलला. पलीकडे कोणीतरी फोन उचलला आणि दोघंही बोलेचनात, नुसतं रडणं ऐकू येत होतं. मिनिटभराने त्याने फोन परत दिला आणि माझा हात धरून ठेवला.

त्यांच्यातल्या हिंदी येणाऱ्या एकाने सांगितलं, आम्ही निघालो तेव्हा वादळ नव्हतंच.

मोसमी
तो खरं बोलला. ओखीचं दुःख नेमकं हेच. २९ नोव्हेंबरच्या सकाळी श्रीलंकेच्या जवळ ते नुसतं डिप्रेशन होतं, म्हणजे वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटरच्या घरातला. ३० ला सकाळी ते चक्रीवादळ झालेलं होतं, म्हणजे ६२ च्या वर. एका दिवसात. आणि झालं कुठे, तर किनाऱ्याला लागूनच, जिथे हजारो बोटी होत्या. लांब समुद्रात जन्मलेल्या वादळाला येईपर्यंत तीन-चार दिवस लागतात. ७२ तास आधी सावधगिरी, ४८ तास आधी पहिला इशारा, २४ तास आधी पक्का इशारा, ही सगळी उतरंड तो वेळ मिळेल असं धरून बसवलेली आहे. दाराशीच जन्मलेलं वादळ तो वेळ देत नाही.

आपल्या समुद्रात हे पुन्हा होणार नाही असं म्हणवत नाही. वादळाला पाणी २६-२७ अंशांच्या वर हवं असतं आणि मे महिन्यात अरबी समुद्र ३० अंशांपर्यंत जातो. २०१९ मध्ये इथे पाच चक्रीवादळं झाली, एरवी वर्षाला एखादं. त्यातलं क्यार तर सुपर सायक्लोन झालं, २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. क्यार आणि महा ही दोन तर एकाच वेळी समुद्रावर होती. मी आयुष्यभर नकाशे बघितले, पण अरबी समुद्रावर एका वेळी वादळांचे दोन डोळे बघून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पोहोचण्याचा प्रश्न मात्र थोडा हलतोय. २०१९ मध्ये जेमिनी नावाचं छोटं यंत्र आलं. ते गगन या भारतीय दिशादर्शक प्रणालीच्या उपग्रहांवरून इशारा घेतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाईलवर दाखवतं. त्याला मोबाईलच्या रेंजची गरज नाही. त्याची अडचण एकच, बोटीवरून उत्तर पाठवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात ज्या ट्रान्सपाँडरची (बोटीवर बसवायच्या संदेश-यंत्राची) योजना जाहीर झाली, त्यात दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सातपाटीकर, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट, तुम्हाला मिळाला का?

सातपाटीकर
काही बोटींना बसलाय. माझ्या भावाच्या बोटीवर आहे. पहिल्या फेरीत त्याने ४० मैलांवरून घरी "जेवलो" एवढाच संदेश पाठवला. वहिनीने तो सगळ्या आळीला दाखवला.

तिसरामेट
यंत्र बंद पडलं, बॅटरी भिजली, तर एक जुना नियम सगळ्या खलाशांना यायला हवा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आपल्या गोलार्धात कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं, थोडंसं पुढे. वारा पूर्वेचा लागतोय तर वादळ तुमच्या दक्षिणेला. तोच वारा हळूहळू दक्षिणेकडून आणि मग नैऋत्येकडून यायला लागला तर वादळ तुमच्या पश्चिमेने उत्तरेला निघालंय. तौक्ते वादळ १७ मे २०२१ ला गुजरातेत चढलं, त्याआधी कोकणाला समांतर असंच वर गेलं. आणि वारा दिशा न बदलता वाढतच चालला, दाब उतरतच चालला, तर ते सरळ तुमच्यावर येतंय.

मी हे दक्षिण गोलार्धात उलटं करून वापरलंय, तिथे केंद्र उजव्या हाताला. मोझांबिकच्या सामुद्रधुनीत एकदा रात्रभर ब्रिजवर उभं राहून दर तासाला दाब लिहित होतो. सकाळी आकडा पहिल्यांदा वर सरकला तेव्हा कॅप्टनने मला चहा स्वतः करून दिला.

निवतीरॉक
मी मालवणला पर्यटकांच्या बोटी चालवतो, आमचा सगळा व्यवहार पावसाळ्याबाहेरचा. एक भर घालतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वायव्येकडूनही एक लाट येते. तिकडे आखातावर शमाल नावाचा जोराचा वारा सुटतो, तो अरबी समुद्राच्या वायव्य भागात लाट उठवतो आणि ती आपल्यापर्यंत पोहोचते. इथे थंडी, निळं आभाळ, किल्ल्यावर जायला रांग, आणि जेटीवर बोट लावता येत नाही. लोक भांडतात, "समुद्र तर शांत दिसतोय." आता मी दिशा आणि कालावधी दोन्ही फळ्यावर खडूने लिहून ठेवतो. भांडणं थांबली नाहीत, पण मी आता नाही म्हणताना अडखळत नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक विचारते. विंडी या हवामानाच्या अॅपवर युरोपचं मॉडेल एक सांगतं आणि अमेरिकेचं दुसरं. तांडेल मला दोन्ही स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, कोणतं खरं? काय सांगू?

मोसमी
कोणतं खरं हे शोधू नका. दोघं जुळत असतील तर विश्वास वाढवा. जुळत नसतील तर तोच तुमचा अंदाज आहे, की वातावरण अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी लांब जाऊ नका असं लिहा. आणि इशारा नेहमी हवामान खात्याचाच धरा. कारण मॉडेल काढणारं यंत्र तुमचा किनारा बघत नाही, इशारा लिहिणारा माणूस बघतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आदल्या दिवशीच गावं हलवली होती. घरं गेली, बागा गेल्या, पण माणसं वाचली ती त्यामुळे.

देवबंदर
दिवेआगरला माझी मावशी आहे. तिची नारळी-पोफळी एकही उभी राहिली नाही. ती आसऱ्याला शाळेत होती म्हणून आज आहे.

सातपाटीकर
ताई, मॉडेलचं राहू दे. तू तुझ्या संदेशात भरतीची वेळ घाल. रोज. तेवढं केलंस तरी पुष्कळ.

खाडीकाठ
दादा, घालते. आज पहाटे काकांच्या शेजारी बसून संदेश नवीन पद्धतीने लिहिला. ते कालावधीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा पहिला लिही." म्हणून तो वर घेतला. ग्रुपवर टाकला तो असा:

"हर्णै-आंजर्ले. आज चतुर्थी.
लांबची लाट: १४ सेकंद, दक्षिण-नैऋत्येकडून. खाडीच्या तोंडावर फुटेल.
उंची १.५ मीटर, अधूनमधून ३ च्या जवळ.
वारा सकाळी मतलई (जमिनीकडचा), हलका. दुपारनंतर वायव्येचा, ताशी २० किलोमीटर.
भरती दुपारी ३ च्या सुमारास. खाडीत शिरायचं तर १ ते ३. त्यानंतर ओढ लागेल, बाहेर थांबा.
हवामान खात्याचा इशारा: नाही.
४० मैलांच्या पुढे असाल तर परतीचे तास मोजून ठेवा."

दीड तासात अकरा बोटींची उत्तरं आली. एवढी याआधी कधी आली नव्हती. एकाने विचारलंय, दाभोळच्या तोंडाचंही लिहाल का.

सातपाटीकर
लिही. दाभोळला पाणी खोल आहे, पण ओढ मोठी. तिथल्या एखाद्या तांडेलाला विचारून मगच वेळ टाक.